कोकणात गावोगावचे नकाशे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गावांची, वाड्यांची आणि किनाऱ्याची मोठ्या प्रमाणावर मोजणी करणारे गट, ग्रामपंचायती आणि या कामात नव्यानं येणारी मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत यंत्रांविषयी कमी आणि माणसांविषयी जास्त लिहिलं आहे. प्रकल्प अडतात ते माणसांपाशीच.

शंभर-दोनशे गावांचं काम हाती आलंय. सुरुवात कुठून करायची?

नकाशा कोणत्या निर्णयासाठी हवा आहे, ते आधी कागदावर लिहा. घराची सनद द्यायची आहे, दरडीचा धोका ठरवायचा आहे, नळपाणी योजनेची पाइपलाइन टाकायची आहे की किनाऱ्यावरची घरं नियमात बसतात का ते पाहायचं आहे? या चार कामांची अचूकता, खर्च आणि गावात काढायचे दिवस एकमेकांपासून फार वेगळे आहेत. "सगळ्यालाच उपयोगी पडेल" असा नकाशा काढायला निघालेले प्रकल्प पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतात, मग पैसे संपतात.

त्यानंतर एका तालुक्यातली तीन अगदी वेगळी गावं निवडा: एक खाडीकाठचं, एक सड्यावरचं (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचं), एक घाटाच्या पायथ्याचं. तिथे काम शेवटापर्यंत न्या. शेवटापर्यंत म्हणजे लोकांच्या हातात कागद पडेपर्यंत. उड्डाण झालं, फोटो जुळले, म्हणजे काम झालं असं धरू नका. या तीन गावांत लागलेल्या वेळेवरून बाकीच्यांचं वेळापत्रक लावा.

मोबाइलवर सगळे नकाशे असताना नवे कशाला?

मोबाइलवर मुंबई-गोवा महामार्ग दिसतो, गावाच्या नावाची टाचणी दिसते. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, दिसत नाही. पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दिसत नाही. वरच्या वाडीत किती घरं आहेत आणि त्यातली किती बारमाही उघडी असतात, हे तर कुठेच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथवर गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं. अशा वाड्या कोकणात अजून पुष्कळ आहेत. कोणत्या वाटेनं वर जाता येतं आणि वर किती माणसं राहतात, हे आधीपासून नोंदलेलं असणं फार मोलाचं आहे. ते नोंदायला महागडं यंत्रही लागत नाही.

स्वामित्व योजनेत ड्रोननं गावं मोजली. मग आणखी काय उरलं?

कोकणापुरतं बोलायचं तर बरंच उरलं.

स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनमोजणीचा प्रयोग झाला होता. पद्धत चांगली आहे. आधी ग्रामसभा, मग प्रत्येकानं आपल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचं ड्रोन, नंतर भूमी अभिलेख विभागाची चौकशी आणि शेवटी मिळकत पत्रिका. पण योजनेचा रोख गावठाणावर आहे.

देशावर गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीनं वसलेलं गावठाण आणि भोवती शेतं. कोकणात तसं नाही. इथे गाव म्हणजे सात-आठ वाड्या. मधे व्हाळ, भाताचे मळे, आंब्या-काजूची कलमं. घर आपल्याच आगरात किंवा शेताच्या कडेला. कागदावरच्या गावठाणात मोजकी घरं, बाकीची सातबाऱ्याच्या जमिनीवर. त्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी हयात नसलेली. म्हणून कोकणात प्रकल्प आखताना गावठाण हा घटक धरू नका, वाडी धरा. वेळापत्रक वाडीनिहाय, बैठका वाडीनिहाय, माणसंही वाडीनिहाय.

कोणते महिने कामाचे?

जून ते सप्टेंबर उड्डाण विसरा. पाऊस तर असतोच, शिवाय ढग खाली उतरलेले असतात आणि वारा बेभरवशाचा. ऑक्टोबरात भात उभं असतं आणि गवत पुरुषभर वाढलेलं. हद्दीचे दगड त्यात गडप होतात. भातकापणी उरकली, गवत काढलं गेलं की डिसेंबर ते मार्च हा खरा हंगाम. सड्यावरचा जांभा त्या दिवसांत उघडा असतो. मात्र फेब्रुवारीनंतर आंबा सुरू होतो. बागायतदाराला त्या धावपळीत हद्द दाखवायला बोलावलंत तर तो येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

याला एक पोटप्रश्न जोडून येतो: लोक घरी कधी असतात? गणपतीत आणि शिमग्याला. चाकरमानी त्याच दिवसांत गावी उतरतात, भावकी एका ओटीवर बसते. गणपतीत मोजणी होत नाही, पण बैठक होते. कोणत्या घरात किती हिस्से, कोण वारस, कुणाची हरकत, हे सगळं त्या आठवड्यात लिहून घेता येतं. शिमग्याला तेच लोक पुन्हा येतात, तेव्हा कच्चा नकाशा दाखवायचा. ही दोन टोकं धरून मधे मोजणी बसवली की वर्षाचं गणित जमतं. सरकारी आर्थिक वर्षाच्या हिशेबानं आखलेलं वेळापत्रक इथे बंद घरांच्या कुलपांपाशी येऊन थांबतं.

ड्रोन पुरेसं आहे का?

उघड्या जागेला पुरेसं आहे. सडा, भातशेती, गावातले रस्ते, छपरं ड्रोन सुरेख टिपतं. कलमांच्या बागेत आणि नारळी-पोफळीच्या आगरात मात्र वरून फक्त हिरवं दिसतं. दोन वाटण्यांमधला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) त्या हिरव्याखाली असतो. तिथे जमिनीवरूनच मोजावं लागतं, रोव्हर (उपग्रहांवरून अचूक जागा सांगणारं यंत्र) किंवा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घेऊन. दाट झाडीत रोव्हरलाही उपग्रहांचे संदेश नीट मिळत नाहीत. मग उघड्यावर दोन बिंदू पक्के करून तिथून टोटल स्टेशननं आत जायचं. लेझरनं झाडीखालची जमीन टिपणारं यंत्र मिळतं. ते दरडप्रवण डोंगरउतारांना वापरावं असं मी सुचवेन. एका बागेच्या वाटणीसाठी तो खर्च परवडत नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ड्रोनची नोंदणी आणि प्रशिक्षित चालक मात्र लागतो. रत्नागिरी आणि चिपी विमानतळांचा परिसर, तारापूरसारखी संवेदनशील ठिकाणं यांचे नियम वेगळे आहेत. उड्डाणाच्या आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई नकाशा पाहा आणि पोलीस पाटलांना कळवा. कायद्यात असो नसो, गावाला आधी सांगितलेलं असावं.

अचूकता किती हवी?

मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून जास्त. विहीर, साकव, शाळा, पाखाडी नोंदायला तेवढं चालतं. रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेतो. दोन भावांच्या हद्दीला तोच लागतो, कारण इथे वितीभर जागेवरून दोन पिढ्या बोलणं बंद असतं.

नकाशाचं प्रमाण ठरवताना साधा हिशेब करा. १:५०० वर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. १:४,००० वर चार मीटर. १:२५,००० वर पंचवीस मीटर, म्हणजे पेन्सिलीची रेघच एखादं घर गिळते. प्रमाण बदललं की मोजमापही बदलतं. भारताच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षं ७,५१६.६ किलोमीटर सांगितली जायची. अलीकडच्या फेरमोजणीत ती ११,०९८.८१ किलोमीटर भरली. किनारा वाढलेला नाही. आधी लहान प्रमाणाच्या नकाशावर ज्या खाड्या आणि वळणं एका रेषेत सपाट झाली होती, ती आता मोजली गेली. कोकणात दर काही मैलांवर खाडी आहे, तेव्हा हा फरक इथे डोळ्यांत भरणारच.

भूमी अभिलेखचे जुने नकाशे ड्रोनच्या चित्रावर बसतच नाहीत. चूक कुणाची?

बहुतेक वेळा कुणाचीच नाही. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीनं झाली. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला गुंठा तिथूनच आला. साखळीचे सोळा आणे पाडून टिपण, म्हणजे मोजमापांची नोंद, लिहायचे. डोंगरउतारावर साखळी ओढत काढलेली ती टिपणं आजही थक्क करतात. पण कागद आकसतो, घड्या पडतात, नकला होताना रेषा सरकतात. नंतर पोटहिस्से पडले, काहींची फाळणी, म्हणजे हिश्शांची वेगळी मोजणी, झाली, काहींची झालीच नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (भूरूपाचे नकाशे) 'एव्हरेस्ट' नावाच्या, पृथ्वीचा आकार मानलेल्या गणिती लंबगोलावर आधारलेल्या, आजचा जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' या दुसऱ्या लंबगोलावर. रूपांतर न करता एकावर एक ठेवलंत तर कोकणात सगळा नकाशा शंभराहून अधिक मीटर सरकतो. मंदिर नदीत जातं. नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी करून दाखवा. संपूर्ण कोकण यूटीएम या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, तेव्हा पट्टा बदलण्याची कटकट तरी नाही.

जुना नकाशा नव्या चित्रावर ताणून बसवू नका. न हललेल्या खुणा शोधा: तिठ्यावरचा हद्दीचा दगड, जुनी विहीर, देवळाचा चौथरा, नदीकाठचा कातळ. त्यांवर नकाशा बसवा, आणि जिथे बसत नाही तिथे फरक तसाच दाखवून ठेवा. तो फरक चौकशी अधिकाऱ्याला दिसला पाहिजे.

भरतीरेषा आम्हीच आखली तर चालेल का?

नाही. सीआरझेडसाठीची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांसाठीची) भरतीरेषा ठरवण्याचं काम केंद्रानं नेमलेल्या संस्थेचं. तुमच्या रेषेला कायद्यात वजन नाही. पण त्या रेषेला प्रश्न विचारता येतील असा पुरावा तुम्ही गोळा करू शकता, आणि तो करावाच.

खाजणाचं, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीचं, उदाहरण घ्या. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार, १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी (पाण्याची झडप) असेल तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरायची. म्हणजे बांध कधीचा, हा कोकणातल्या शेकडो खाजणकऱ्यांसाठी कळीचा प्रश्न ठरतो. उत्तर मिळतं ते खारभूमीच्या जुन्या कागदांत, जुन्या टोपोशीटमध्ये आणि बांधावर माती टाकायला गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत. बांधाचं स्थान, उघाडीचे फोटो, दुरुस्तीच्या तारखा एकत्र नोंदवा. आत तिवरं वाढली असतील तर तीही प्रामाणिकपणे दाखवा. त्यांना वेगळं संरक्षण आहे आणि लपवून कुणाचंच भलं होत नाही.

किनाऱ्यावर मोजताना उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान, आणि किती वाजले होते, ही नोंद प्रत्येक बिंदूसोबत हवी. तिच्याशिवाय पाण्याची रेषा निरुपयोगी.

रोव्हर समुद्रकाठी उंची उणे साठच्या पुढे दाखवतो. बिघडला का?

बिघडलेला नाही. तो समुद्रसपाटीपासून मोजत नाही, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतो. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठहून अधिक मीटर खाली आहे. पुराचे किंवा भरतीचे नकाशे करताना उंची सर्वेक्षण विभागाच्या तलचिन्हाशी, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेशी, जोडून घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत किती चढलं, ते भिंतींवरच्या खुणा सांगतात. अशा खुणांची उंची एकाच पायावर मोजली तरच त्यांतून पुढच्या पुराचा नकाशा निघतो.

हद्दीवरून वाद झाला तर?

होणारच. त्यासाठी दिवस आणि पैसे आधीच धरून ठेवा. मोठ्या प्रकल्पांत सर्वांत जास्त कापला जातो तो हाच खर्च, आणि माझ्या मते तोच कधी कापू नये. उड्डाणाला एक दिवस लागत असेल तर त्या वाडीत बोलण्याचे, फिरण्याचे आणि ऐकण्याचे चार दिवस धरा.

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत चुन्याच्या रेघा मारणं चाललं होतं. दोन चुलतभाऊ गडग्याच्या दोन बाजूंना उभे. दोघांनी गडगा हीच हद्द मान्य केली होती, पोरानं चुना टाकायला सुरुवातही केली. तेवढ्यात घरातली आजी काठी टेकत खाली उतरली. "गडगो नंतर घातललो, बाळा. हद्द थंयसर, त्या फणसाकडे." फणस गडग्यापासून आठ-दहा पावलांवर. धाकटा भाऊ चिडला, थोरला गप्प. पालापाचोळा बाजूला केला, तेव्हा फणसाच्या मुळात अर्धा गिळला गेलेला हद्दीचा दगड निघाला. त्या दिवशी तिथे रेघ मारली नाही. नोंदवहीत दोन्ही रेषा गेल्या, गडग्याची आणि दगडाची, दोघांच्या सह्यांसकट. निर्णय पुढे त्यांच्या भावकीनं घेतला.

आपलं काम एवढंच. मोजणाऱ्यानं न्यायाधीश होऊ नये. जिथे एकमत आहे तिथे पक्की रेषा, जिथे नाही तिथे दोन तुटक रेषा आणि "वादग्रस्त" असा शेरा. एका वादामुळे अख्ख्या वाडीचं काम थांबवू नका. कच्चा नकाशा वाडीतल्या देवळात किंवा शाळेत लावा, मोठ्या अक्षरांत, मराठीतून. हरकतीची मुदत अशी ठेवा की तिच्यात निदान एक सण येईल.

नावं कुणाची लिहायची?

राहणाऱ्या सगळ्यांची. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लिहायला फॉर्ममध्ये पहिल्यापासून जागा ठेवा. नंतर जोडू म्हटलं की ते राहून जातं. मुंबईतल्या भावांच्या पाठीमागे गावचं घर सांभाळणाऱ्या विधवा काकी, माहेरी परत आलेली बहीण, यांचा ताबा कागदावर दिसलाच पाहिजे. बैठकीत त्या बोलत नसतील तर बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, त्यांच्या वेळेला, आणि मोजणीच्या गटात मुली असू द्या.

वाड्यांची नावं गावकरी म्हणतात तशी, देवनागरीत. पण जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. अशा ठिकाणी तिथल्या रहिवाशांनी निवडलेलंच नाव लिहा.

दुसऱ्या देशांत हे काम कसं झालं?

रवांडाकडे नीट पाहा. डोंगराळ, दाट वस्तीचा, लहान तुकड्यांच्या शेतीचा देश. तिथे २००९ ते २०१३ या काळात एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. हवाई छायाचित्रांचे मोठे कागद छापले, गावातल्याच तरुणांना शिकवलं, शेजारी शेजारी बांधावर उभे राहिले आणि सर्वांसमक्ष पेनानं रेषा ओढली. सेंटिमीटरचा हट्ट धरला नाही. पुढे अडचण आली ती वेगळीच: विक्री आणि वारसा झाल्यावर लोक नोंद बदलायला येईनात, आणि नवी नोंदवही हळूहळू जुनी होऊ लागली.

टांझानियात दार एस सलामला २०१५ पासून विद्यार्थी आणि रहिवाशांनी गटारं, नाले, पुराचं पाणी शिरणाऱ्या गल्ल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर नोंदल्या. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून राजधानीचा नकाशा काही दिवसांत उभा केला. दुरून छपरं आणि रस्ते आखता येतात, हे त्यातून कळलं. छपराखाली कोण राहतं, हे तिथे जाऊनच कळतं.

गावातली मुलं घ्यावीत की बाहेरची तयार माणसं?

दोन्ही, पण चुना मारणं, नावं लिहिणं, हद्द दाखवायला माणसं बोलावणं हे गावच्याच मुलामुलींनी करावं. त्यांना मजुरी वेळेवर द्या. "गावासाठी करा" म्हणून फुकट राबवू नका. क्यूजीआयएस आणि क्यूफील्ड ही नकाशाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मराठीतून शिकवता येतात, नेटवर्क नसलं तरी चालतात. घाटाच्या पायथ्याला नेटवर्क नसतंच.

कंत्राट देताना काय पाहावं?

पैसे चौरस किलोमीटरवर देऊ नका. तसे दिले की ठेकेदार सड्यांवर ड्रोन उडवतो आणि आगरं सोडतो. हप्ते असे पाडा: चुना मारून झाल्यावर एक, कच्चा नकाशा वाडीत लागल्यावर एक, हरकती निकाली निघाल्यावर मोठा हप्ता. मूळ फोटो, नियंत्रण बिंदू (जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणा) आणि फाइली तुमच्या मालकीच्या राहतील हे करारात स्पष्ट लिहा.

सगळी माहिती सर्वांना खुली करायची का?

रस्ते, विहिरी, शाळा, पाखाड्या खुल्या करा. माणसांची नावं, फोन, ताबा खुला करू नका. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी साधा विश्वासाचा प्रश्न आहे. ज्यांचे सातबारे मोकळे आहेत अशांची यादी जमीन-दलालांच्या हाती लागली, तर गाव पुन्हा तुम्हाला उंबरठा चढू देणार नाही. मच्छीमारांच्या खास जागा, देवराईतली ठिकाणं त्यांना विचारल्याशिवाय दाखवू नका. कातळशिल्पांचंही तसंच. उक्षी, बारसू, कशेळी, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि सर्वांना माहीत आहेत. पण नव्यानं सापडलेल्या, राखण नसलेल्या चित्राचा नेमका बिंदू आधी पुरातत्त्व विभागाला आणि ग्रामपंचायतीला द्या.

निधी संपल्यावर नकाशाचं काय होतं?

कुणी नेमलेलं नसेल तर दोन वर्षांत तो खोटा पडतो. नवं घर, पडलेला साकव, वाटणी, कुणाचं निधन. म्हणून ग्रामपंचायतीत एक माणूस, एक संगणक आणि वर्षाला दोन ठरलेले दिवस हवेत, गणपतीनंतर आणि शिमग्यानंतर. त्या दिवशी बदल वाचून दाखवायचे आणि नोंदवायचे. एवढा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच पाच वर्षांसाठी बाजूला काढा.

आमच्याकडे अजून निधी नाही. काही करता येईल का?

हो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या नकाशाची, टिपणांची आणि फाळणीची प्रत मागवा. वाडीवार घरांची यादी करा, उघडी किती आणि बंद किती, बंद घरांच्या माणसांचे मुंबईतले फोन कुणाकडे आहेत ते लिहा. राहिलेल्या वारस नोंदींचे अर्ज गाव महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) देऊन टाका. आणि हद्दीचे दगड ठाऊक असलेल्या वयस्कर माणसांबरोबर पावसाआधी एकदा शिवार फिरून या, फोटो काढत.